माळ्याची खोली केव्हा होते?

श्रोतेहो, छपराला खिडकी काढून माळ्याची खोली कशी करावी, हा आजचा विषय ऐकून काही मंडळींना नवल वाटले असेल. कामगार संघटनेच्या माणसाने पगार, बोनस, पाळ्या यांविषयी बोलावे. वासे आणि कौले यांची उठाठेव त्याला कशाला हवी? आमचे उत्तर सरळ आहे. कामगाराच्या दिवसाचे आठ-बारा तास मागावर जातात आणि उरलेले तास तो जिथे पाठ टेकतो तिथे जातात. आपल्या भिवंडीत हजारो माणसांची पाठ टेकण्याची जागा म्हणजे माळा होय. तेव्हा माळा हा आमच्याच खात्यातला विषय आहे. आम्ही कोणत्या स्थापत्यविद्यालयात शिकलेलो नाही. संघटनेच्या कामासाठी माळे चढता चढता, सुतारांना प्रश्न विचारता विचारता आणि रात्री पुस्तके चाळता चाळता जे समजले तेच आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दांकडे पाहू. आपल्या भाषेत छपराखालच्या जागेला निरनिराळी नावे आहेत आणि ती उगाच नाहीत. खोलीच्या पोटात, अर्ध्या उंचीवर फळ्या टाकून केलेला तो पोटमाळा. छपराच्या लगत, आढ्याखाली असलेला तो माळा. आणि भिंती वर चढवून, जिना घालून, खिडक्या ठेवून बांधलेली ती माडी. माळ्यावर काय ठेवतात? कांदे, गोवऱ्या, जुनी भांडी, पावसाळ्याची बेगमी. माडीवर कोण राहते? माणसे. आपल्या पूर्वजांनी वस्तूंची जागा आणि माणसांची जागा यांना वेगळी नावे ठेवली होती. आज माळ्यावर माणसे निजतात, पण जागेचे नाव बदललेले नाही आणि जागाही बदललेली नाही.

हे कसे झाले? १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर या गावी आले आणि त्यांनी हातमाग मांडले. पुढे तेलंगणातले पद्मशाली विणकर आले; पद्मानगर आजही त्यांची साक्ष देते. विसाव्या शतकात विजेवरचे माग आले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि त्यानंतर तिकडचे पुष्कळ विणकाम आपल्या गाळ्यांकडे वळले. माग आले, मागांमागे माणसे आली. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, तेलंगण येथून एकटे पुरुष आले. गाळा बांधणाऱ्याने मागाची जागा इंचाइंचाने मोजली होती. माणसाच्या झोपेची जागा मात्र कोणाच्याच आराखड्यात नव्हती. मग ती छपराखाली निघाली. एक पाळी कामावर जाते तेव्हा दुसरी पाळी येऊन त्याच अंथरुणावर निजते. अंथरूण थंड होत नाही.

आता जी युक्ती समजावून सांगायची आहे तिच्याकडे वळू. युरोपात उतरत्या छपराच्या घरांना छपरातूनच बाहेर डोकावणारी उभी खिडकी काढतात. तिच्या दोन बाजूंना लहानशा भिंती असतात, वर तिचे स्वतःचे छोटे छप्पर असते. दुरून पाहिले तर मोठ्या घराच्या पाठीवर छोटे घर बसल्यासारखे दिसते. इंग्रजीत तिला डॉर्मर म्हणतात. हा शब्द मूळ फ्रेंच असून 'निजणे' या क्रियापदापासून निघालेला आहे. निजण्याच्या खोलीची खिडकी ती डॉर्मर. म्हणजे त्या भाषेने छपराखाली माणूस निजतो हे मान्य केले आणि त्या माणसासाठी खिडकीला नाव दिले.

पण तिकडचे सगळे गोड मानू नका. सतराव्या शतकात फ्रांस्वा मांसार नावाचा वास्तुशिल्पी होऊन गेला. खाली जवळजवळ उभे आणि वर बेताचे उतरते असे दुमडलेले छप्पर त्याच्या नावाने ओळखले जाते, कारण त्याने ते लोकप्रिय केले. अशा छपराच्या पोटात एक पुरा मजला मावतो. पॅरिसमध्ये घराच्या उंचीवर सरकारी मर्यादा आली ती भिंतीच्या माथ्यावरच्या कंगणीपर्यंत. छपराचा मोठा भाग त्या मापाबाहेर राहिला. मालकांनी छपरात खोल्या काढल्या आणि तिथे मोलकरणी ठेवल्या. उन्हाळ्यात भाजायचे, हिवाळ्यात गारठायचे. कायद्याची मोजपट्टी जिथे संपते तिथे गरीब माणसाची खोली सुरू होते, ही गोष्ट पॅरिसची आणि भिवंडीची एकच आहे. फरक इतकाच की, त्यांच्या मोलकरणीला निदान खिडकी होती.

आता आपल्या छपराला हे जमेल काय? येथे भावना बाजूला ठेवून हिशेब केला पाहिजे. मंगळुरी कौल आपल्याकडे चांगले रुळलेले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि तेथून हे कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले. एक चौरस मीटरला सुमारे पंधरा कौले लागतात. एकेक दोन-तीन किलोचे. हे कौल खाचेने खाचेत बसते, चिकटवलेले नसते. म्हणून त्याला पुरेसा उतार हवा, नाहीतर वाऱ्याने पाणी उलटे चढून सांध्यातून आत येते. सुताराच्या भाषेत फुटाला सात इंच हा चांगला उतार.

एक घर घ्या, वीस फूट रुंद. आढे मध्यावर, म्हणजे भिंतीपासून दहा फुटांवर. फुटाला सात इंच या हिशेबाने आढे भिंतीच्या माथ्यापेक्षा सत्तर इंच, म्हणजे ५ फूट १० इंच उंच जाईल. माळ्याची जमीन भिंतीच्या माथ्याशीच असेल तर बरोबर आढ्याखालीच माणूस जेमतेम उभा राहील. दोन्ही बाजूंना वाकावे, मग बसावे, मग सरपटावे लागेल. समजा, मूळ बांधणाऱ्याने माळ्यावर भिंत तीन फूट वर नेलेली आहे. मग आढे ८ फूट १० इंचांवर आले आणि माळ्याची सरासरी उंची झाली ५ फूट ११ इंच. सहा फुटांपेक्षा अधिक उंचीचा पट्टा मधोमध सुमारे पावणेदहा फुटांचा मिळाला. त्याच्या बाहेर गाठोडी ठेवावीत किंवा माणसांची डोकी फुटावीत.

या घराला डॉर्मर कसा काढावा? पुष्कळांना वाटते की, एका बाजूचे छप्पर सरळ उचलून धरले की झाले. भिंतीवर सात फूट उंची धरा आणि तेथून आढ्यापर्यंत नवे पाखे न्या. सात फुटांपासून ८ फूट १० इंचांपर्यंत चढ फक्त बावीस इंचांचा आणि अंतर दहा फुटांचे. उतार पडला फुटाला दोन इंचांच्या किंचित वर. इतक्या सपाट छपरावर कौल टिकत नाही. आपल्याकडे पाऊस शंभर इंचांच्या घरातला. पहिल्याच आषाढात खाली बादल्या मांडाव्या लागतील. मग लोक तिथे पत्रा घालतात. पत्र्याने पाणी थांबते, पण वैशाखात त्याखाली माणूस थांबत नाही.

म्हणून कौलारू घराला डॉर्मर दोन पाख्यांचा, म्हणजे स्वतःचे लहान आढे असलेला हवा. पाच फूट रुंदीचा घ्या. त्याच्या छपराचा चढ अडीच फुटांत साडेसतरा इंच. त्याची वळचण सात फुटांवर ठेवली तर त्याचे आढे ८ फूट ५ इंचांच्या जरा वर येते आणि मोठ्या आढ्याच्या चार-साडेचार इंच खाली, मोठ्या पाख्यात जाऊन मिळते. हे बसते. याहून फार रुंद केले तर डॉर्मरचे आढे मोठ्या आढ्याच्या वर जाईल आणि सगळेच बिघडेल. तात्पर्य, वीस फुटी घराला पाच फुटांचा, दोन पाख्यांचा डॉर्मर. त्याहून मोठी हौस छप्पर मान्य करीत नाही.

तो काढताना दोन-तीन वासे कापावे लागतात. कापलेल्या वाशांचा भार कोठे जाणार, हे आधी ठरवावे. भोकाच्या दोन्ही अंगांचे वासे जोडीने दुप्पट करावेत आणि वरच्या बाजूला त्यांच्यामध्ये आडवे लाकूड पक्के बसवून कापलेल्या वाशांची टोके त्यावर टेकवावीत. छपराला कैची असेल तर तिची खालची तुळई कधीही कापू नये. ती तुळई भिंतींना आतून धरून ठेवीत असते. डोक्याला लागते म्हणून तिला करवत लावणारा माणूस भिंती बाहेर ढकलून देतो, मग त्या कलायला वर्ष लागो की दहा वर्षे.

डॉर्मरचे खरे दुखणे म्हणजे दोन छपरे मिळतात तिथल्या तिरक्या घळी. दोन्ही पाख्यांचे पाणी त्यात धावते. तिथे जस्ताच्या पत्र्याची रुंद पन्हळ कौलांच्या खाली दोन्ही बाजूंना हातभर आत गेली पाहिजे आणि डॉर्मरच्या बाजूच्या भिंतींना पत्रा खालून वर दुमडून घेतला पाहिजे. मेच्या अखेरीस घर शाकारताना या घळीतला पाला आणि सुताची कसपटे काढली नाहीत, तर जूनमध्ये सगळे पाणी माळ्यावर येते. भिवंडीत पाल्यापेक्षा कसपटच अधिक, हे सांगायला नकोच.

खिडकीचे तोंड कोणीकडे असावे? आपला पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा त्या दिशेला उघडणारी खिडकी चार महिने बंदच राहणार. पश्चिमेचे ऊन उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत खोली तापवते. उत्तरेच्या खिडकीला मात्र आपल्या अक्षांशावर दुपारचे ऊन फक्त मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मिळते, तेही जवळजवळ माथ्यावरून, आणि त्यातले निम्मे दिवस ढगांचे. उजेड भरपूर, ताप थोडा. तेव्हा उत्तर पहिली, पूर्व दुसरी. आणि एक खिडकी पुरत नाही. हवा आत आली तर बाहेर जायला वाट हवी. गरम हवा वर चढते, म्हणून आढ्यालगत दुसरी, लहान का होईना, वाट ठेवावी. नुसत्या कौलांच्या फटींतून छप्पर थोडा श्वास घेत असते. त्याखाली प्लॅस्टिकचा कागद ताणला की तोही कोंडतो.

डॉर्मरच्या आधी मात्र एक स्वस्त उपाय पाहावा. घराच्या टोकाची त्रिकोणी भिंत मोकळी असेल तर तिलाच खिडकी काढावी. छप्पर फोडण्याची गरजच नाही. पण आपल्याकडे घराला घर आणि गाळ्याला गाळा चिकटलेला, दोघांमध्ये एकच भिंत. अशा ठिकाणी आकाश फक्त छपरातूनच दिसते आणि म्हणूनच डॉर्मरचा विचार भिवंडीसाठी अगत्याचा आहे. काचेची कौले बसवली की झाले, असे काही मालक म्हणतात. काचेच्या कौलाने उजेड येतो आणि उन्हाचा चटकाही येतो, हवा मात्र येत नाही. उजेड दिसतो, म्हणून पाहुण्याला खोली वाटते. कोंदटपणा निजणाऱ्यालाच कळतो.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. देशाची बांधकाम संहिता १९७० साली प्रथम निघाली आणि नंतर सुधारत गेली. तिच्याप्रमाणे राहण्याच्या खोलीची उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट हवी. उतरते छप्पर असेल तर सरासरी तितकी हवी. उष्ण-दमट हवेत खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एक-षष्ठांश हवे. आपला वीस फुटी माळा बारा फूट लांबीचा धरला, तर जमीन २४० चौरस फूट आणि खिडक्या ४० चौरस फूट हव्यात. आपल्या डॉर्मरचे तोंड पाच बाय चार, वीस चौरस फूट. चौकट वजा जाता सोळा. दोन डॉर्मर काढले तरी आठ चौरस फूट कमीच पडतात. आणि उंची? सरासरी नऊ फूट हवी तर माळ्यावरची भिंत तीन फुटांची नव्हे, सहा फुटांची पाहिजे. मग श्रोतेहो, तो माळा राहिला कोठे? ती माडी झाली! पूर्वजांनी नावे वेगळी ठेवली होती ती का, हे आपल्याला हिशेबाने कळले. तीस फूट रुंदीच्या जुन्या वाड्याला मात्र आढेच पावणेनऊ फूट चढते. तिथे साडेचार-पावणेपाच फुटांची भिंत आणि चांगले डॉर्मर यांनी खरोखरीची खोली साधते. म्हणून आमचा पहिला निष्कर्ष असा : रुंद घराला खिडकी पुरे, अरुंद घराला भिंत उंच करावीच लागते, आणि ते काम महानगरपालिकेच्या परवानगीने व अभियंत्याच्या सहीनेच व्हावे.

सहीचा आग्रह आम्ही कागदाच्या प्रेमापोटी धरीत नाही. माळ्याची जमीन गाठोड्यांसाठी टाकलेली असते. राहत्या खोलीच्या जमिनीने दर चौरस मीटरला दोनशे किलोचा भार पेलावा असे प्रमाण आहे. जुन्या तुळईची टोके भिंतीत असतात आणि कूज तिथेच लागते; वरून लाकूड ठणठणीत दिसते. भिवंडीत इमारत हा शब्द जपून उच्चारावा लागतो. २१ सप्टेंबर २०२० रोजी पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे गेली आणि त्यांतली पुष्कळ झोपेत होती. त्या इमारतीवर माळा होता की नव्हता, हा मुद्दा नव्हे. झोपलेला माणूस पळू शकत नाही, हा मुद्दा आहे. जिथे माणूस निजतो तिथले लाकूड आणि लोखंड, तो जागा असतो तिथल्यापेक्षा अधिक पक्के हवे.

दुसरी गोष्ट जिन्याची. भिंतीला टेकवलेली शिडी हा जिना नव्हे. रात्रपाळी करून आलेला, डोळ्यांत झोप असलेला माणूस ती चढतो. खाली सूत, कापड, तेल. ठिणगीला निमित्त लागत नाही. धूर वर चढतो आणि वर माळा असतो. म्हणून जिना सरळ, कठड्याचा आणि रस्त्याकडे उतरणारा हवा. आणि डॉर्मर असा हवा की वेळ पडली तर त्यातून माणूस बाहेर निघू शकेल. लोखंडी गज ठोकून बंद केलेली खिडकी ही अर्धीच खिडकी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चालू मागांच्या वरचा माळा कितीही डॉर्मर काढले तरी राहण्याजोगा होत नाही. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा धोटा फेकतो. गाळ्यातला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. एका मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर. चोवीस माग पुऱ्या भाराने चालले तर अठरा किलोवॉट शक्ती शेवटी उष्णता होऊन वर चढते. म्हणजे एक-एक किलोवॉटच्या अठरा शेगड्या जमिनीखाली पेटवून वर अंथरूण घातल्यासारखे झाले. शिवाय सुताची धूळ. दिवसभर जी छातीत गेली तीच रात्री पुन्हा घ्यायची, तर फुप्फुसाला सुटी कधी? १९४८ च्या कारखाना कायद्याने नव्या कारखान्यात दर कामगारामागे ५०० घनफूट जागा सांगितली होती आणि ती मोजताना जमिनीपासून चौदा फुटांच्या वरची हवा धरायची नव्हती. आता आपल्या माळ्याचा हिशेब करा. २४० चौरस फूट, सरासरी उंची ५ फूट ११ इंच. सुमारे १४२० घनफूट. तिथे दहा माणसे निजली असे धरले तर माणशी १४२ घनफूट आले. उभ्याने काम करणाऱ्यास ५००, आणि आडवा पडून श्वास घेणाऱ्यास त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी!

मग एवढे साधे काम होत का नाही? लाकूड, पत्रा, कौले, सुताराची मजुरी यांचा खर्च काही मागाच्या किमतीएवढा नाही. आम्ही एका मालकाला हे विचारले होते. त्यांनी मोकळेपणाने उत्तर दिले, "खिडकी काढली की रस्त्यावरून दिसते. मग साहेब येतो." श्रोतेहो, या एका वाक्यात सगळा विषय आहे. आंधळा माळा कागदावर नसतो. त्याला घरपट्टी नसते, परवानगी नसते, तिथे निजणारा माणूसही कोठे नोंदलेला नसतो. खिडकी ही साक्षीदार असते. ती रस्त्याला सांगते की, येथे माणूस राहतो. ज्या दिवशी छपराला खिडकी निघते त्या दिवशी माळ्यावरचा माणूस गावाला दिसू लागतो. आणि दिसणाऱ्या माणसाला नळ द्यावा लागतो, संडास द्यावा लागतो, भाड्याची पावती द्यावी लागते.

येथे कोणी म्हणेल की, मग हे सगळे माळे वस्तीला नालायक ठरवून बंद करा. हा उपाय या मुंबई इलाख्यात एकदा झालेला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा अंधाऱ्या घरांची कौले उतरवून ऊन-वारा आत घेतला गेला, आणि कित्येक घरांवर 'यू. एच. एच.', म्हणजे माणसांच्या वस्तीस अयोग्य, अशी अक्षरे रंगवली गेली. १८९८ साली शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईत घरातील उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले. समोरची इमारत मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नसावी, असा नियम त्या काळी पुढे आला. विद्या चांगली होती. पण ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधून दिल्या नाहीत. ज्यांच्या घरावर ती तीन अक्षरे पडली ते लोक उजेडात गेले नाहीत. ते दुसऱ्या, अधिक दाटीच्या अंधारात गेले. अक्षरे रंगवायला एक कुंचला लागतो, खोली बांधायला पैसा आणि इच्छा लागते.

म्हणून आमच्या संघटनेतल्या तरुण सोबत्यांना आम्ही सांगतो, माळा बंद करा अशी घोषणा देऊ नका. वर निजणाऱ्या माणसाला तीच सर्वांत आधी भिववते. तो म्हणतो, दादा, आज छप्पर तरी आहे, उद्या तेही जाईल. त्याची भीती खोटी नाही. मागणी अशी हवी : मागांवरच्या माळ्यावरून माणसे हलवा, पण हलवण्याआधी जागा दाखवा. मागांपासून वेगळ्या घरातले जे माळे सुधारण्याजोगे आहेत ते सुधारा. आणि सुधारल्यावर तीच माणसे, तेवढ्याच संख्येने, त्याच भाड्यात तिथे राहतील असे लिहून द्या. नाहीतर खिडकी निघते, रंग लागतो, भाडे दुप्पट होते आणि ज्याच्यासाठी खिडकी काढली तो दुसऱ्या आंधळ्या माळ्यावर जातो. तसे झाल्याचे आम्ही पाहिले आहे. सुधारणेचा खर्च मालकाने करावा हे रास्तच. तथापि लहान घरमालकही आपल्या गावात पुष्कळ आहेत, कित्येक स्वतःच मागावर उभे राहणारे. त्यांना घरपट्टीत काही वर्षे सूट आणि सोपी परवानगी मिळाली, तर तेही पुढे येतील.

आपल्यापैकी ज्यांच्या घराला माळा आहे आणि मुलगा-सून किंवा भाडेकरू वर ठेवण्याचा विचार आहे, त्यांनी सुताराला बोलावण्यापूर्वी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. उभे राहून डोके न वाकवता पलंगापासून जिन्यापर्यंत जाता येते काय? दुपारी दिवा न लावता पत्र वाचता येते काय? हवा एका वाटेने येऊन दुसऱ्या वाटेने जाते काय? जमिनीची तुळई, टोके उघडून, जाणत्याने पाहिली आहे काय? आणि रात्री खाली आग लागली तर वरची म्हातारी बाई खाली कशी येईल? पाचांपैकी एकाचे उत्तर जरी नाही असे आले, तरी तो अजून माळाच आहे. त्यावर कांदे ठेवावेत, माणसे ठेवू नयेत. आणि ज्या माळ्यांवर आजच माणसे आहेत, त्यांच्या बाबतीत हेच पाच प्रश्न आपण नागरिक म्हणून नगरसेवकाला, मालकाला आणि आमच्यासारख्या संघटनेच्या लोकांनाही विचारावेत. रस्त्याने जाताना गाळ्यांच्या छपरांकडे एकदा मान वर करून पाहा. जिथे खिडकी नाही तिथे कोणी निजत नाही, असे समजून पुढे जाऊ नका.